नकोपुरती जागा

इस्राएलमधल्या किर्यात गातच्या त्या दवाखान्यातला वजनकाटा जुन्या पद्धतीचा होता. दांडीवरचा लोखंडी ठोकळा सरकवत न्यायचा, दांडी आडवी स्थिर झाली की ते तुमचं वजन. नर्स ठोकळा बोटाने पुढे ढकलायची, दांडी धाडकन खाली पडायची, की ती तो पुन्हा मागे आणायची. शेवटी तो मागच्या महिन्याच्याच जागी येऊन थांबायचा. मी आपली श्वास रोखून उभी, श्वास रोखल्याने किलोभर वाढणार असल्यासारखी.

साल पंच्याण्णव. मला पाचवा महिना संपत आलेला. दवाखाना सरकारी, फक्त गरोदर बायकांचा आणि तान्ह्या पोरांचा. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थच 'दुधाचा थेंब'. नर्स पन्नाशीची, लहानपणी मोरोक्कोहून आलेली, चष्मा गळ्यातल्या साखळीला अडकवलेला. तिने टेप घेऊन माझं पोट मोजलं, ओठ मुडपले आणि विचारलं, "काल काय खाल्लंस?"

"सगळं," मी म्हटलं.

"सगळं म्हणजे काय?"

माझं हिब्रू तेव्हा भाषावर्गात शिकवलं तेवढंच. त्यात 'सगळं' यायचं, सबबी यायच्या नाहीत. मग तिने हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दोघांचं खायचं नाही, तो जुन्या बायकांचा समज. पण एकीचं तरी नीट खा. सकाळी अंडं, दही. दुपारी मसुराची नाहीतर चण्याची उसळ, भाजी, भात. मधल्या वेळेला खजूर, मूठभर बदाम, पावाला तिळाची ताहिनी. लोहाची गोळी चहाबरोबर नको, संत्र्याबरोबर. आणि रोज संध्याकाळी ऊन उतरलं की अर्धा तास चालायचं, दम लागेल असं नाही, गप्पा मारता येतील इतपत. चालल्याने भूकही लागते, म्हणाली.

मला हसू आलं. गप्पा मारता येतील इतपत चालायचं, पण मारायच्या कुणाशी?

डॉक्टरने मात्र हसू ठेवलं नाही. बाळ महिन्यांच्या मानाने लहान आहे, तो म्हणाला. पुढच्या खेपेपर्यंत वजन हललं नाही तर मोठ्या इस्पितळात ठेवून घ्यावं लागेल, आणि वेळ पडली तर बाळ लवकर काढावं लागेल. बाहेर आले तर फाटकाशी निलगिरीची झाडं सळसळत होती. तिथेच कट्ट्यावर बसून मी रडून घेतलं. घरी जाऊन रडायचं तर तिथेही मीच होते.

आता कुणी म्हणेल, बाई, भरल्या देशात तू उपाशी का राहत होतीस? नवरा कमावता, फ्रिज भरलेला, सासर माणसांचं. सगळं खरं. पण मी उपाशी राहत होते ती माझ्या आईच्या वळणामुळे.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. माझं माहेर ठाण्याचं. आमच्याकडे शनिवार पाळतात, दूध आणि मटण एका ताटात येत नाही, म्हणून कालवणाला नारळाचं दूध. एवढं सोडलं तर जेवणाच्या पंगतीत आम्ही तुमच्यासारखेच मराठी. म्हणजे वाढणाऱ्याने विचारायचं आणि जेवणाऱ्याने नको म्हणायचं. पहिलं नको ही रीत. दुसरं नको म्हणजे जीभ चावून धरलेली भूक. मग ताटावर आडवा हात येतो, आणि तो हात बाजूला सारून जी वाढते ती खरी घरधनीण. माझी आई तर हाताच्या पंज्यावरसुद्धा भात वाढायला कमी करायची नाही. पहिल्यांदाच 'वाढ' म्हणणारी मुलगी म्हणजे हावरट, वळण नसलेली. चोवीस वर्षं मी हे गिरवलं आणि लग्न होऊन इस्राएलला आले.

सासर रामल्याचं. दर शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं किर्यात गातहून बसने रामल्याला जायचो, शनिवारी संध्याकाळी शब्बात, म्हणजे पाळायचा दिवस, सुटला की परत. सासूबाई साठ सालाच्या सुमारास अलिबागजवळच्या खेड्यातून मुंबईमार्गे इकडे आल्या होत्या आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत होत्या. त्यांचं मराठी त्या आल्या त्या दिवशी जसं होतं तसंच राहिलेलं. फ्रिजला त्या 'बरफाचं कपाट' म्हणायच्या आणि दवाखान्याला 'डिस्पेन्सरी'. पोरं मात्र सगळी इथली. आई मराठीत बोलणार, पोरं हिब्रूत उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या, मनुकांच्या शरबतावर प्रार्थना व्हायची, आणि मग टेबलावर झुंबड. माशाचं हिरवं कालवण, बटाट्याची भाजी, भात, पाव, सगळं एकदम मधोमध. हात पुढे करून ज्याने त्याने ओढून घ्यायचं. इथे आपला हात जगन्नाथ.

"मासा घेतेस?" सासूबाई विचारायच्या.

"नको, मम्मी."

"बरं."

आणि पातेलं धाकट्या दिराकडे जायचं. तो तुकडे शोधून शोधून घ्यायचा, पातेलं परत यायचं तेव्हा तळाला कोथिंबिरीचं पाणी. पहिल्या वेळी मला वाटलं, त्या विसरल्या. दुसऱ्या वेळी वाटलं, माझ्यावर राग आहे. नंतर कळलं की त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, विषय संपला. मी नको म्हटलं म्हणजे मला नको होतं. नवराही तसाच. सुताच्या कारखान्यातून पाळी करून यायचा, "जेवलीस?" म्हणायचा. मी "हो" म्हणायची. त्याचा विश्वास बसायचा. इथली माणसं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, हीच मोठी पंचाईत.

"फ्रिज उघड आणि घे की," तो म्हणायचा. दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडणं मला चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि ते घर लग्नाला वर्ष झालं तरी दुसऱ्याचंच होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय इतकी हाडात भिनलेली की सासूबाईंनी एकदा बहिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "पाखरासारखी टिपते गं. माझ्या हातचं तिला आवडत नसंल." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. त्यांच्या हातचं कालवण माझ्या आईच्या कालवणाच्या तोडीस तोड होतं. मला पातेल्यासकट प्यावंसं वाटायचं.

आणि आठवडाभर किर्यात गातला आणखी वेगळी तऱ्हा. तिथे तर विचारणारंही कुणी नाही. नवरा कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवायचा, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मी उभ्याउभ्या ओट्याशी चहात पाव बुडवायची. एकटीसाठी ताट मांडायची मला लाज वाटायची. कधी मांडलंच तर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घास फिरायचा. जन्मात कधी एकटी जेवलेली नव्हते. घरात आई, बाबा, आत्या, कुणीतरी वाढायला, कुणीतरी "किती कमी जेवतेस" म्हणायला. भूक ही पोटात असते असं मी समजत होते. ती निम्मी समोरच्या माणसात असते हे तिकडे गेल्यावर कळलं.

डॉक्टरने घाबरवलं त्या आठवड्यात आईचा फोन आला. ठाण्याच्या नाक्यावरच्या बूथमधून ती महिन्यातून एकदा फोन करायची. बाबा माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेलेले, आत्या त्याच्याही आधी. आई शाळेत शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. "जेवतेस ना नीट?" तिने विचारलं.

"हो गं."

पलीकडे नुसती खरखर ऐकू आली. मग ती म्हणाली, "हे पहिलं हो झालं. आता दुसऱ्यांदा विचारते."

मग मी सगळं सांगितलं. काटा, टेप, मोठं इस्पितळ. बूथवाला तिला घाई करत होता ते ऐकू येत होतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बरं. बघते काय करता येतं ते." मला वाटलं, विमानाचं बघेल. पण पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि मी काही जाऊ शकत नव्हते. तिला यायचं तर कागदपत्रांना महिने लागणार होते.

दोन-तीन आठवड्यांनी ठाण्याची कुणी बाई रामल्याला आली, तिच्याबरोबर पार्सल आलं. वाल, आमसुलं, खारीक आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या कॅसेट. पहिलीवर आईच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'ताट वाढून घेतल्यावर लावणे.'

मी आज्ञाधारक मुलगी. वालाचं बिरडं केलं, भात केला, ताट वाढलं, बसले आणि बटण दाबलं.

आधी भांड्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा. मग आई. "हं. बसलीस? मांडी घालून बस, नाहीतर पाय खाली सोडून बस, पण उभी राहू नकोस. आज मी केलंय बिरडं. तू काय केलंस?"

आणि ती थांबली. शाळेत शुद्धलेखन घालताना पोरांना लिहायला वेळ द्यायची, तशी. मी नकळत म्हणाले, "बिरडंच."

"बरं झालं. चल, घे पहिला घास." पलीकडे तिच्या चावण्याचा आवाज. तिच्या बांगड्या. खिडकीबाहेर कावळा आणि भंगारवाला. मग पुन्हा ती. शेजारणीच्या सुनेचं, पाण्याच्या टाकीचं, मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, कोण कुणाशी भांडलं त्याचं. मी भात कालवून खात होते. मग ती म्हणाली, "आता आणखी भात घे."

थांबली.

"नको," मी म्हटलं. खरंच म्हटलं, त्या मशीनला.

"नको काय? पोटातल्याने नको म्हटलंय का? त्याला विचारलंस? घे."

थांबली.

"बास, आई."

"हात काढ. काढ तो हात ताटावरून. मला दिसतोय."

माझा डावा हात खरोखरच ताटावर आडवा होता. मी तो काढला आणि भात वाढून घेतला आणि रडत रडत जेवले. नाक वाहतंय, डोळे वाहताहेत आणि मी आपली बिरडं ओरपतेय. रिकाम्या घरात असं दृश्य कुणी पाहिलं असतं तर दाखलच केलं असतं मला, दुसऱ्या इस्पितळात.

कॅसेटची दुसरी बाजू चालायची. ही तर कमालच. बाबांचा जुना टू-इन-वन पिशवीत घालून, सेल टाकून, आई चक्क ठाण्यात चालली होती. "जेवून लगेच आडवी होऊ नकोस, आधी घरातच शतपावली. आणि ऊन उतरलं की ही बाजू लाव. नर्स अर्धा तास म्हणाली ना? मी आहे. लोक बघताहेत माझ्याकडे. बघू देत." नवऱ्याचा सैन्यातल्या दिवसांचा वॉकमन होता, तो मी कमरेला अडकवला.

मग आम्ही दोघी रोज चालायला लागलो. ती तळ्याकडे निघायची, मी इमारतींमधल्या धुळकट बागेकडे. "आता डावीकडे वळ, इथे तेलाच्या घाण्याचा वास येतो, नाक धर," ती म्हणायची, आणि माझ्या डावीकडे भिंत. मग मी उजवीकडे वळायची, पण नाक धरायची. "सावकाश. बोलता येईल इतकंच चालायचं." बाकांवर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या रशियन आज्या माझ्याकडे बघायच्या. एकटीच हसते, एकटीच उत्तरं देते. तळ्याशी पोचल्यावर आई म्हणायची, "जरा टेकूया." मग कॅसेटवर नुसता तिचा श्वास आणि लांबचे हॉर्न. मीही बाकावर टेकायची. नंतर टपालाने येत गेलेल्या कॅसेटमध्ये हे टेकणं वाढत गेलं. तळ्याआधी एकदा, तळ्याशी एकदा, परत येताना दोनदा. मला वाटायचं, माझे महिने भरत आलेत म्हणून माझ्यासाठी थांबते. किती विचार करते माझा, वाटायचं.

पुढच्या खेपेला नर्सने ठोकळा ढकलला आणि दांडी पडली नाही. तिने आणखी ढकलला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय केलंस?"

"आईबरोबर जेवले," मी म्हटलं.

"आई आली?"

"नाही."

तिला वाटलं माझं हिब्रू चुकलं. मी दुरुस्त केलं नाही. पोटाचा घेरही वाढला होता. डॉक्टर म्हणाला, मोठ्या इस्पितळाचं तूर्तास राहू द्या, असंच चालू ठेवा.

सासूबाईंना कॅसेटचं कळलं ते अचानक. एका मंगळवारी त्या न कळवता आल्या, हातात पातेलं, फडक्यात बांधलेलं. दार उघडंच होतं. आत मराठी बाईमाणसाचा आवाज ऐकून त्या उंबऱ्याशीच थांबल्या, पदर सारखा केला. पाहुणी आलीय असं समजून. आत बघतात तर मी, ताट आणि टेपरेकॉर्डर. आई म्हणत होती, "एवढुसं घेतलंस? मुंगीला तरी पुरेल का?"

मी बंद करायला हात पुढे केला. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या. पातेलं मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर जेवताना प्रथमच कुणी बसलं होतं. पूर्ण बाजू संपेपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी पदराने डोळे पुसले.

"मी आले तवा माझं पण असंच झालं," त्या म्हणाल्या. "नव्या आलेल्यांच्या ट्रान्झिटच्या बराकीत बायका विचारायच्या, मी नको म्हणायची. उपाशीच निजायची. मग शिकले हिसकून घ्यायला. पण पोरं झाली तवा म्हटलं, पोरांना तरी आग्रह करीन. तर मोठा, तुझा नवरा, दहा वर्षांचा असंल, मित्रांसमोर म्हणाला, ईमा, मी लो म्हटलं ना, मग लो, नको म्हंजे नको. माझ्या पोटाचं मला कळतं. सगळी हसली. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप घातलं बघ."

"मला वाटायचं, तुम्ही रागावलात."

"मला वाटायचं, तुला माझ्या हातचं गोड लागत नाही."

दोघीही शहाण्या. वर्षभर एकमेकींच्या समोर बसून उपाशी. पातेल्यात माशाचं कालवण होतं. मी पहिल्यांदाच म्हणून टाकलं, "वाढा." जीभ अडखळली, पण म्हटलं. जाताना त्यांनी टेबलावरच्या कॅसेटपैकी एक उचलली. "ही नेऊ? ऐकून परत देते." ती कॅसेट परत आली नाही, आणि मीही मागितली नाही.

आई आठव्या महिन्याच्या शेवटाला आली. लोदच्या विमानतळावर मी तिला ओळखायला वेळ लावला, हे सांगायला अजून जड जातं. ट्रॉलीमागून एक वाळलेली बाई येत होती. ब्लाउजच्या बाह्या हलत होत्या. हात वर करून तिने मला खूण केली तेव्हा बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या. कॅसेटमध्ये ज्यांचा आवाज यायचा त्याच बांगड्या.

"प्रवासाने," ती म्हणाली. "बघू, तू कशी दिसतेस. छान भरलीस."

पुढच्या तपासणीला तीही आली दवाखान्यात. नर्सने माझं वजन घेतलं, पोट मोजलं, मान डोलावली. सगळं जिथल्या तिथे. मी अभिमानाने म्हटलं, "ही माझी आई. हिच्याचबरोबर जेवत होते." नर्सने चष्मा डोळ्यांना लावून आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मला हिब्रूत विचारलं, "आणि हिच्याबरोबर कोण जेवत होतं?"

"काय म्हणाली?" आईने विचारलं.

"काही नाही. म्हणाली, आई छान आहे."

घरी येऊन मी आईला फैलावर घेतलं. ती लसूण सोलत बसली होती. आधी टाळाटाळ केली. प्रवास, उन्हाळा, दात दुखतो. मी म्हटलं, "हे पहिलं झालं. आता दुसऱ्यांदा विचारते." तेव्हा ती हसली आणि लसणाकडे बघत म्हणाली, "अगं, तुझी कॅसेट भरायची त्या दिवशी रांधायची मी. बिरडं, भात, सगळं. तुझ्यासमोर खोटं कशी जेवू? बाकीच्या दिवशी एकटीसाठी कोण गॅस पेटवतं? चहात पाव बुडवला की झालं."

महिन्याला मोजून किती कॅसेट यायच्या ते मला ठाऊक होतं; तेवढेच दिवस ती जेवली होती.

त्या शुक्रवारी आम्ही तिला रामल्याला नेलं. मेणबत्त्या, शरबत, टेबलावर झुंबड. आई अंग चोरून बसलेली, नव्या विहिणीकडे. सासूबाईंनी पातेलं उचललं. "मासा घेता?"

"नको, नको," आई म्हणाली.

धाकट्या दिराने सवयीने हात पुढे केला. सासूबाईंनी पातेलं दिलं नाही. पोरं बघायला लागली. सासूबाईंचा चेहरा लाल झाला, आणि त्या म्हणाल्या, "नको काय?" थेट आईच्या चालीत, तोच हेल, तोच 'काय' वरचा जोर. "प्रवास करून आलात, अंगात काय राहिलंय का? घ्या."

आईने दचकून वर बघितलं. स्वतःचाच आवाज तिला परक्या तोंडून ऐकू आला असणार. "पुरे, खरंच पुरे," म्हणत तिने ताटावर हात आडवा धरला.

"हात काढा. दिसतोय मला," सासूबाई म्हणाल्या, आणि हात सरकेपर्यंत थांबल्यासुद्धा नाहीत. कालवण आईच्या बोटांवर सांडलं. कोणी हसलं नाही. माझा नवरा ताटात बघत भात चिवडत राहिला. मग त्याने हळूच स्वतःचं ताट आईकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, सरकवलं, आणि मराठीत म्हणाला, "मला पण."

मुलगी झाली. वजन बेताचं, पण ठणठणीत, आणि आवाज असा की नर्स म्हणाली, हिला आग्रह करायची गरज पडणार नाही. आई तीन महिने राहिली. बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या. तिने इथेच राहावं म्हणून आम्ही सगळ्यांनी विनवलं. ती नको म्हणाली. आम्ही पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नको म्हणाली, आणि त्या वेळी तिचं नको म्हणजे नकोच होतं. बाबांचं घर, मशीद, तिची गल्ली. काही बाबतीत हात बाजूला सारून वाढता येत नाही.

आता कॅसेट मी भरते. मुलगी झोपली की ताट वाढून घेते, खिडकी लावते, बटण दाबते. "आई, बसलीस? गॅस पेटवलास ना? मी आज केलंय मसुराचं." तिला ऐकू यावं म्हणून मुद्दाम जोरात चावते. मुलीच्या नव्या दातांचं सांगते, सासूबाईंचं सांगते. मग म्हणते, "आता आणखी भात घे."

आणि थांबते. तिच्या नकोपुरती जागा सोडते. पलीकडे तिने ताट मांडलंय की चहात पाव बुडवलाय, हे मला इथून कळायला मार्ग नाही. ठाण्यात तिच्याकडे काटा नाही, कॅसेटला तर डोळे नाहीत. ती नको म्हणाली असं धरते, आणि पुढचं बोलते.